शिवेखालचा कोळसा

सीमांतपूजन आता मंगल कार्यालयाच्या दारात होतं. नवरदेवाचे पाय धुतात, कपाळी कुंकू लागतं, फोटो निघतात आणि सगळे जेवायला बसतात. मूळचा हा विधी गावाच्या शिवेवरचा. वऱ्हाडाच्या बैलगाड्या शिवेच्या दगडापाशी थांबायच्या, मुलीकडची माणसं वाजतगाजत सामोरी जायची आणि तिथं मानपान झाल्यावरच वऱ्हाड गावात शिरायचं. त्या दगडापलीकडं माणूस परका, अलीकडं आला की गावाचा पाहुणा. बाळंतीण माहेराहून निघाली की तिथंच भाकरतुकडा ओवाळून टाकायचे. गाव कुठं संपतं, हे सांगायला तेव्हा पाटी नव्हती. दगड होता आणि तो कुणाचा, कशासाठी, हे सांगणारी माणसं होती.

माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं, कऱ्हेच्या खोऱ्यातलं. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला येते आणि पुढं जेजुरीकडं निघते, त्या वाटेपासून आत वळलं की आमचं शिवार लागायचं. माळावर बाजरी, हुलगा, मटकी. विहिरीला पाणी असेल तिथं वाटाणा आणि अंजीर. आम्हा पोरांचा सगळा भूगोल दगडांवरून चालायचा. ‘म्हसोबाच्या वर’, ‘वीराच्या खाली’, ‘तीन शिवांच्या धोंड्यापाशी’ असं म्हटलं की कुठं यायचं ते गुराख्यालाही कळायचं आणि भाकरी घेऊन येणाऱ्या आईलाही.

शेताच्या शिवेची पहिली ओळख मला माझ्या आजोबांनी करून दिली. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. उन्हाळ्यात बांध घालायची कामं निघाली, तेव्हा आमच्या वरच्या पट्टीच्या कोपऱ्यातला दगड कलला होता. तात्यांनी पहारीनं भोवतालची माती मोकळी केली, दगड एका अंगाला रेलवला आणि मला जवळ बसवून खालची माती हातानं उकरली. वीतभर खाली काळे तुकडे लागले. मूठभर कोळसा आणि त्यात मिसळलेल्या खापऱ्या. एक तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. ओल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही तो बोटाला काळा लागत होता.

“लाकूड कुजतंय, हाडाची माती हुतीया,” तात्या म्हणाले. “दगूड तर रातीत हलवता येतोय. कोळसा कुजत न्हाय, आन्‌ हलवणाऱ्याला त्यो ठावा नसतोय. उद्या कुणी म्हनलं धोंडा हितं नव्हता, तर हितलंच उकरायचं.”

पुष्कळ वर्षांनी मनुस्मृतीचा आठवा अध्याय वाचताना मला तात्यांची ती मूठ आठवली. सीमेच्या तंट्यांविषयी तिथं सांगितलंय की उघड खुणांखेरीज गुप्त खुणाही जमिनीत पुराव्यात, आणि दगड, हाडं, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसा, वाळू अशी त्यांची यादीच दिली आहे. तात्यांनी तो ग्रंथ कधी हातात धरला नव्हता. त्यांना ही गोष्ट त्यांच्या वडिलांनी त्याच कोपऱ्यात दाखवली होती. ग्रंथात नोंद आहे आणि बांधावर रिवाज आहे. मधली शेकडो वर्षं तो एका हातानं दुसऱ्या हाताला दाखवण्यावरच टिकला.

शेताची शीव घराची, पण गावाची शीव साऱ्या पांढरीची, म्हणजे सगळ्या गावाची. दोन गावांत तिच्यावरून तंटा लागला की पूर्वी गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, निवाड्याचा महजर लिहिला जायचा. कागदानं काम भागलं नाही तर दिव्याची, म्हणजे देवाचा कौल लावणाऱ्या परीक्षेची वेळ यायची. तात्या सांगायचे, ज्याच्यावर गावानं भार टाकला त्यानं अंघोळ करून, शिवेची माती डोक्यावर घेऊन, दोन्ही गावांच्या देखत शीव चालायची. तो चालेल ती हद्द. पुढं ठरावीक दिवसांत त्याच्या घरात काही अरिष्ट आलं नाही, तर ती शीव कायमची.

ही शीव सर्वांत नीट ठाऊक असायची ती महार वतनदाराला. शिवेच्या वादात त्याची साक्ष वजनदार मानत. पाटलाच्या पिढ्या बदलत, कुलकर्ण्याचं दप्तर जळत असे, पण शिवेचा प्रत्येक धोंडा, प्रत्येक बाभळ, ओढ्याचं प्रत्येक वळण या घराण्याच्या तोंडी असे. आमच्या लहानपणी अशा घराण्यातले एक वृद्ध होते; सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांच्याबरोबर तात्या शिवेवर निघाले की मी मागं मागं जायची. आबा काठीनं दगड दाखवत, आणि कोणत्या साली कुणी तो हलवायला पाहिला तेही सांगत. ज्या माणसाच्या शब्दावर गावाची जमीन ठरायची, त्याचं घर मात्र गावकुसाबाहेर होतं आणि गावच्या विहिरीवर त्याच्या घरच्या बाईला पाणी भरता येत नव्हतं. हे आठवलं की शिवेच्या कुठल्याही दगडाचं कौतुक करताना जीभ अडखळते. या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं होतं; कनिष्ठ गाववतनं कायद्यानं रद्द झाली ती 1958 साली. वतन गेलं ते योग्यच झालं. पण आबांचं ज्ञान उतरवून घ्यायला कुणी वही घेऊन बसलं नाही, ही गावाची हानी झाली.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, पिंपरणीखाली, कंबरेएवढा एक दगड उभा होता. तो वीरगळ, म्हणजे लढता लढता मेलेल्याच्या आठवणीचा दगड; गावात त्याला नुसतं ‘वीर’ म्हणायचे. आजी मला त्याच्यापुढं बसवून खालून वर बोटानं वाचायला शिकवायची. तळाच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस, त्याच्या बाजूला गाईंची रांग. त्याच्या वर तोच माणूस ढाल-तलवार घेऊन लढतोय. त्याच्या वर दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेताहेत. सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलाय. माथ्यावर कलश, दोन कडांना चंद्र आणि सूर्य. शेंदूर आणि तेल पिऊन कडा बोथट झाल्या होत्या, पण गाईंची शिंगं बोटाला लागायची.

“रातचं गुरं वळून न्हेली दुसऱ्या मुलखाच्या लोकांनी,” आजी सांगायची. “गाव झोपलेलं. ह्यो एकटाच मागं धावला. सकाळी गुरं माघारी आली. ह्यो न्हाय आला.”

त्याचं नाव तिला माहीत नव्हतं. ते दगडावरही नव्हतं. कर्नाटकातल्या वीरगळांवर बहुधा लेख असतो, गाव, साल, राजाचं नाव सापडतं. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ निरक्षर आहेत. शिलाहार-यादवांच्या काळातले असे दगड पुण्या-साताऱ्याच्या गावांत देवळाच्या आवारात, पाराजवळ, ओढ्याकाठी मिळतात. सगळेच गाईंसाठी मेलेल्यांचे नाहीत. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरला वीरगळांवर चक्क गलबतांची लढाई कोरली आहे. पण माणदेशापासून कऱ्हेच्या खोऱ्यापर्यंतच्या कोरड्या मुलखात गुरं हीच दौलत होती, म्हणून इथल्या दगडावर गाय येते. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या वाड्यांवर फिरून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर 1976 साली ग्रंथ लिहिला, आणि पुढं एस. सेट्टर यांच्याबरोबर स्मारकशिळांवरचं मोठं पुस्तक 1982 साली संपादित केलं. गुरं राखता राखता मेलेला माणूस लोकांच्या मनात हळूहळू देवाच्या पंगतीला कसा बसतो, हे अशा अभ्यासामुळं मला उमगलं. आजी ते न वाचता जगत होती. बेंदराला आमच्या बैलजोडीचा नारळ आधी वीरापुढं फुटायचा, मग ती वेशीत यायची.

वीराच्या शेजारी एक बुटका दगड होता. त्याच्यावर कोपरात वाकून वर उठलेला एक हात, मनगटभर चुडा, वर पुन्हा चंद्रसूर्य. ती सतीशिळा. आजी त्या हाताला हळद लावायची, पण तिथं नवस कधी बोलली नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, “त्याच्यासंगं जाळली ती. तिला कुणी इचारलं आसंल का गं?” बंगाल इलाख्यात 1829 साली सतीबंदीचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात तो त्यानंतर आला. आजीला सालं माहीत नव्हती. पण त्या दगडापुढं हात जोडताना पोरीबाळींना काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाहत्तरच्या दुष्काळाची गोष्ट माझ्या काकींची. माळावर खडी फोडायचं काम निघालं होतं. बायका पोरं पदरात बांधून उन्हात बसायच्या, संध्याकाळी सुकडी मिळायची, घरी मिलोची भाकरी. खडीला जवळपासचा दगड संपत आला तेव्हा मुकादमानं वीराकडं बोट दाखवलं. एवढा मोठा पाषाण, दिवसाच्या खडीला चांगलाच हातभार लागला असता. काकींच्या टोळीनं घण खाली ठेवले. “आमची गुरं चारा न्हाय म्हनून छावणीला गेलीत. ती माघारी यायची त्याच्याच भरवशावर,” असं एक म्हातारी मुकादमाला म्हणाली. त्या दिवशी त्यांची मजुरी कमी भरली. दगड राहिला.

इंग्रजांनी मोजणी आणली तेव्हा दगडांची नवी पिढी रोवली गेली. आमच्याच जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन मोजून प्रतवारी लावायची जी पद्धत बसवली, ती पुढं सबंध इलाख्यात गेली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही मोजणीदार आला की म्हातारी माणसं आण्यांतच बोलतात. सर्व्हे नंबरांच्या कोपऱ्यांवर दगड बसले, नकाशे झाले. तरी दर नांगरटीला एकेक तास पुढं सरकवत बांध कोरणारे काही थांबले नाहीत, आणि सख्ख्या भावांच्या खटल्यांनी कचेऱ्या भरलेल्या राहिल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार आपल्या जमिनीची सीमाचिन्हं राखण्याची जबाबदारी जमीनधारकाचीच आहे. तात्या ती जबाबदारी दरवर्षी दगडाला हात लावून पाळायचे.

आता जेसीबी एका दुपारी माळ सपाट करतो. कोपऱ्याचा दगड आणि त्याखालचा कोळसा एकाच बकेटीत उचलला जातो. रस्ता रुंद होताना वीरगळ उपटून देवळाच्या कंपाउंडमध्ये ओळीनं लावतात, वरून ऑइलपेंट देतात, सिमेंटच्या ओट्यात कंबरेपर्यंत पुरतात. यात श्रद्धा असते, हे मी मान्य करते. पण पेंटखाली गाईंची शिंगं बुजतात आणि ओट्यात तळाची चौकटच गडप होते, म्हणजे तो माणूस कशासाठी मेला हेच पुसलं जातं. खुणेच्या दगडाची निम्मी साक्ष त्याच्या जागेत असते. वीर ओढ्याच्या वरच्या अंगालाच का उभा होता? तिथून गुरांची जुनी वाट उतरत होती म्हणून. तोच दगड देवळाच्या भिंतीला टेकवला, की वाट गेली, ओढा गेला, ती रात्र गेली.

म्हणून ज्यांच्या गावात असे दगड आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. दगड हलवू नका, रंगवू नका, सिमेंटात पुरू नका. हलवावाच लागला तर आधी तो कुठं, कोणत्या गटात, कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता ते लिहा, चारही बाजूंनी फोटो काढा आणि ग्रामपंचायतीत नोंद ठेवा. आणि त्याहून आधी, मे महिन्याच्या सुट्टीत, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन एकदा शीव चाला. मराठ्याच्या घरातलंही माणूस घ्या, धनगराच्या, महाराच्या, रामोशाच्या घरातलंही घ्या, कारण प्रत्येकाजवळ त्याच दगडाची वेगळी गोष्ट आहे. ती ऐका आणि तिथंच उभं राहून वहीत उतरवा. दगड आणखी शंभर वर्षं राहील. सांगणारी माणसं तेवढी थांबणार नाहीत.