निखळणाऱ्या खांद्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

गेवराई तालुक्यातील उमापूर ज्या बीड जिल्ह्यात मोडते, तेथून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. हात वर उचलून बाहेर वळविताच ज्याचा खांदा निखळतो, त्यास कोयता चालविणे व डोक्यावर मोळी चढविणे दुरापास्त होय. यास्तव या शस्त्रक्रियेच्या इतिहासास एक प्रश्न विचारावयास हवा : खांदा निखळू नये एवढेच साधावयाचे, की हातही चालता राहावा?

निखळलेला सांधा बसविण्याची विद्या पुरातन आहे. काखेत मुसळ घालून तो उचलावा व स्वस्तिकबंध बांधावा, असे सुश्रुतसंहिता सांगते. वारंवार निखळणाऱ्या खांद्यासाठी हिपोक्रेटीसच्या परंपरेने काखेत तप्त लोहाचे डाग देण्याचा उपाय सांगितला. व्रण आकसून सांधा आवळला जावा, ही त्यामागील कल्पना. ही आवळण्याची कल्पना मोठी चिवट ठरली. खरा दोष खोबणीच्या कडेपासून सुटलेल्या कूर्चेत व आवरणात आहे, असे इंग्लंडमधील बँकार्ट यांनी १९२३ साली प्रतिपादिले. (जर्मनीत पेर्थेस यांनी १९०६ सालीच जवळपास हे म्हटले होते, नाव मात्र बँकार्टचे राहिले.) तथापि १९४८ साली ऑसमंड-क्लार्क यांनी वर्णिलेली पुट्टी-प्लॅट शस्त्रक्रिया पुढचा स्नायू आखूड करणारीच होती. खांदा निखळेनासा झाला, पण हात बाहेर वळेना. आणि अशा अतिघट्ट सांध्यांची पुढे झीज होते, हे हॉकिन्स व अँजेलो यांनी १९९० साली दाखविले. यशाची गणना केवळ पुन्हा न निखळण्यावर केल्याचा हा परिणाम म्हणावा लागेल.

पुढे दुर्बिणीद्वारे कूर्चा शिवण्याची पद्धत रूढ झाली. तिची मर्यादा बर्कहार्ट व डी बीअर यांनी २००० साली उघड केली : हाडाची लक्षणीय झीज नसलेल्या १७३ रुग्णांपैकी ७ जणांचा त्रास परतला, झीज असलेल्या २१ पैकी १४ जणांचा. त्यामुळे लातार्जे या फ्रेंच शल्यविशारदाने १९५४ साली सुचविलेली, चोचीसारखे हाड कापून खोबणीच्या कडेस बसविण्याची शस्त्रक्रिया पुन्हा पुढे आली, आणि हाड किती गेले याचे मोजमाप हाच संशोधनाचा मुख्य विषय बनला.

या संशोधनातील रुग्ण मात्र बहुधा तरुण खेळाडू असतात. खेळाडू मैदानावर केव्हा परतला, याची नोंद हटकून होते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या मजुराचा हात पुढच्या हंगामात किती वर जातो, हे मोजमाप तितक्या आस्थेने क्वचितच घेतले जाते.