डेटाबेसचा दुभाषी आणि वडखळचा ‘ळ’

गाव नमुना सात हा जमिनीचा अधिकार अभिलेख व गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही होय. या दोहोंचा मिळून सातबारा होतो. पेण तालुक्यातील वडखळ गावची नोंद कागदी दप्तरात असताना ती वाचण्यास लिपी जाणणारा माणूस पुरे. मोडी दप्तरासाठी मोडीचा जाणकार गाठावा लागे, इतकेच. नोंद संगणकात गेल्यावर मात्र ती ठेवणारा डेटाबेस व ती मागणारी आज्ञावली या भिन्न उत्पादकांच्या वस्तू ठरल्या आणि त्यांच्यात दुभाष्याची गरज निर्माण झाली.

या दुभाष्याचा इतिहास भाषेपासून सुरू होतो. आय.बी.एम.चे कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली. त्याच संस्थेतील चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या प्रश्नभाषेतून पुढे एसक्यूएल घडली. तिला १९८६ मध्ये अमेरिकेत व १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. तथापि भाषा एक झाली तरी ती पोचविण्याची रीत प्रत्येक उत्पादकाची निराळीच राहिली. दहा आज्ञावल्या व सहा डेटाबेस असतील, तर ६० जोडण्या सिद्ध कराव्या लागत. मध्ये एक सर्वमान्य संकेत आल्यास १६ पुरतात.

हा संकेत ठरविण्यासाठी १९८९ मध्ये ‘एसक्यूएल अ‍ॅक्सेस ग्रुप’ हा उत्पादकांचा गट स्थापन झाला. त्याच्या कार्यातून प्रेरणा घेऊन मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये या संकेतास आंतरराष्ट्रीय मानकात स्थान मिळाले व १९९७ मध्ये जावा भाषेसाठी जेडीबीसी आले. ओडीबीसीत आज्ञावली ठराविक नावांच्या क्रियांना हाक मारते, व्यवस्थापक योग्य तो ड्रायव्हर शोधून देतो आणि ड्रायव्हर ती मागणी त्या त्या डेटाबेसच्या बोलीत उतरवितो. तारीख लिहिण्याची प्रत्येकाची रीत वेगळी असली, तरी आज्ञावलीने ती ठरलेल्या महिरपी कंसात द्यावी. रूपांतर ड्रायव्हरने करावे.

परंतु व्याकरण एक झाल्याने लिपी एक होत नाही. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. ओडीबीसीने युनिकोडचा स्वीकार ३.५ या आवृत्तीत, १९९७ च्या सुमारास केला. ‘वडखळ’ हा शब्द युनिकोडात चार चिन्हांचा, तर यूटीएफ-८ पद्धतीने १२ बाइटांचा होतो. वाटेतील एखादा दुवा केवळ रोमन अक्षरे जाणणारा असेल, तर या चार चिन्हांच्या जागी चार प्रश्नचिन्हे उमटतात. नाशिक जिल्ह्यातील ‘कळवण’चीही तीच चार प्रश्नचिन्हे होतात! दोन गावे एक झाली, आणि तशीच साठविली गेली तर त्या प्रश्नचिन्हांवरून मूळ अक्षरे परत मिळत नाहीत.

महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. स्वाक्षरी नोंदीतील नंतरचा फेरफार उघड करते. आधीच बिघडलेले अक्षर ती सुधारीत नाही. म्हणून दुभाष्याची कसोटी त्याच्या वेगावर नव्हे, तर खातेदाराचे नाव दुसऱ्या टोकास जसेच्या तसे पोचते की नाही, यावर ठरते.