दप्तर, रुमाल आणि न्यू फोल्डर

मराठीत 'दप्तर' हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. एक शाळकरी मुलाच्या पाठीवर आणि दुसरे सरकारी कचेरीत. तो आपल्याकडे आला फारसीतून, पण त्याचे मूळ ग्रीक 'दिफ्थेरा', म्हणजे कमावलेले कातडे, येथपर्यंत जाते. 'फाइल' या शब्दाची कथाही अशीच आहे. लॅटिनमध्ये 'फिलुम' म्हणजे दोरा. कागद एकामागून एक दोऱ्यात ओवून ठेवण्याची रीत होती, तिच्यातून हा शब्द आला. आपल्या 'सूत्र' शब्दाचा मूळ अर्थही दोरा आणि 'ग्रंथ' म्हणजे जे गुंफले, बांधले आहे ते. लिहिलेले टिकवायचे तर ते आधी बांधले पाहिजे, ही जाणीव या सर्व शब्दांच्या पोटात आहे.

ही शब्दांची उजळणी करण्याचे कारण असे, की २००० सालाच्या आगेमागे महाराष्ट्रातील लाखो प्रौढ माणसांनी दुसऱ्यांदा दप्तर उचलले. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कारकून, गृहिणी अशी सारी मंडळी संगणकाच्या वर्गात जाऊन बसली. त्यांना माउस धरायला, पत्र टंकायला, फाइल साठवायला शिकवले गेले. या शिक्षणाचा इतिहास बहुधा प्रमाणपत्रांच्या संख्येत सांगितला जातो. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला त्यातला एक वेगळाच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटावा: या माणसांना आपल्या लिखाणाला नाव देता आले का?

आधी जुन्या व्यवस्थेकडे पाहू. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा, त्यात कागदांची गठडी. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर हे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले, इनाम कमिशनच्या चौकशीत पुरावा म्हणून तपासले गेले आणि पुढे १८९१ मध्ये बांधलेल्या इमारतीत स्थिरावले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले ते याच रुमालांतून. या व्यवस्थेत कोणता कागद कोठे आहे याचे ज्ञान दोन ठिकाणी वसत असे, रुमालावरच्या नोंदीत आणि कारकुनाच्या डोक्यात. कारकून गेला तरी नोंद उरे. ती मोडीत असली तर मोडी वाचणारा शोधावा लागे, इतकेच.

संगणकाच्या पडद्यावरील पिवळे फोल्डर मात्र दुसऱ्या परंपरेचे अपत्य आहे. ज्या १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली सर्वधर्मपरिषद आपल्याला स्वामी विवेकानंदांमुळे ठाऊक असते, त्याच प्रदर्शनात लायब्ररी ब्युरो या संस्थेने कागद उभे ठेवण्याची पद्धत मांडली होती. खणात उभे कागद, त्यांच्याभोवती जाड पुठ्ठ्याचे आवरण आणि आवरणाच्या वर डोकावणारी, नाव लिहिण्यासाठीची जीभ. अमेरिकी कचेरीतली ती जीभ १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या यंत्राच्या पडद्यावर चित्ररूपाने आली. १९८३ चे 'लिसा', १९८४ चे 'मॅकिंटॉश' आणि १९९५ चे 'विंडोज ९५' या मार्गाने ती जगभर गेली. विंडोजमध्ये 'डिरेक्टरी' या जुन्या शब्दाच्या जागी 'फोल्डर' हा शब्द रूढ झाला तो याच टप्प्यावर.

पण त्या चित्रामागे एक वेगळीच रचना दडलेली होती. १९६५ मध्ये 'मल्टिक्स' या प्रणालीच्या रचनाकारांनी फायलींची व्यवस्था वृक्षाच्या रूपात मांडली होती: एक मूळ, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या. दर्शनी भाग कचेरीचा आणि आतली रचना झाडाची, अशी ही जोड आहे. खऱ्या खणात पुठ्ठ्याच्या आत पुठ्ठा, त्याच्या आत आणखी पुठ्ठा असे सात पदर कोणी ठेवत नाही. पडद्यावर ते सहज ठेवता येतात, आणि कागद हरवतो तो नेमका तेथेच.

महाराष्ट्रातील प्रौढ विद्यार्थ्यापुढे याहून मोठी अडचण होती ती शब्दाचीच. आपल्या कचेरीत 'फाइल' म्हणजे बाड. एका विषयाचे सगळे कागद, टिपणे, शेरे, टॅगच्या दोऱ्यात ओवलेले. फाइल 'वर जाते', 'अडकते', 'फिरते'. संगणकावर मात्र फाइल म्हणजे तो एकटा कागद आणि बाडाला म्हणायचे फोल्डर. वीस वर्षे फायली हाताळलेल्या कारकुनाला संगणकाचा शिक्षक 'फाइल म्हणजे काय' हे सांगू लागे, तेव्हा कारकून गोंधळे, आणि त्याच्या गोंधळाला अडाणीपणा समजले जाई. वास्तविक तो बरोबर होता. त्याला नवे शिकायचे नव्हते, आधीचे पुसायचे होते, आणि प्रौढाला पुसणे शिकण्यापेक्षा कठीण जाते.

मुलांबाबत हा प्रश्न वेगळा होता. १९९९ मध्ये सुगत मित्र यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतील मुले शिक्षकाविना तो चालवायला शिकली, हे सर्वश्रुत आहे. त्या मुलांपाशी चुकण्याला वेळ होता आणि चुकीला किंमत नव्हती. प्रौढांचे तसे नव्हते. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांतील केंद्रांतून पोहोचला. राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी संगणक अर्हता आवश्यक केली, ती मुदतीत न मिळवणाऱ्यांची वेतनवाढ रोखण्याची तरतूद केली. साहजिकच वर्गात येणाऱ्या पुष्कळांच्या मनात कुतूहलाइतकीच धास्ती होती. या अभ्यासक्रमाने संगणक गावोगावी नेला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र वेतनवाढीसाठी शिकणारा माणूस परीक्षेपुरते शिकतो. 'फोल्डर कसे तयार करतात' याचे उत्तर त्याला येते. 'त्याला काय नाव द्यावे' हे कोणी विचारत नाही.

आता नावाचा प्रश्न. शिकवणे मराठीतून होई, पण पडद्यावरची आज्ञावली इंग्रजी असे. मराठी टंकायचे ते श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा साधनांनी. या साधनांत मराठी अक्षर हे वस्तुतः रोमन संकेतांवर चढवलेले चित्र होते. योग्य फाँट असेल तोवर ते मराठी दिसे, फाँट काढला की निरर्थक चिन्हांची रांग उरे. आणि फाइलच्या नावाला फाँट देता येत नसे. विंडोज ९८ वर देवनागरी नाव जवळपास अशक्यच होते. विंडोज एक्सपीमध्ये युनिकोडमुळे ते शक्य झाले, तरी त्यासाठी मूळ तबकडी घालून वेगळी सोय बसवून घ्यावी लागे. त्यामुळे मराठी मजकुराचे नाव रोमनमध्ये, तेही कसेबसे: 'अर्ज १', 'पत्र नवीन', 'एएए', 'डॉक्युमेंट ३'. आणि फोल्डरचे नाव यंत्राने दिलेले, 'न्यू फोल्डर'.

याचा परिणाम काय झाला हे मी एका वर्गात पाहिले आहे. त्या काळी मी अशाच एका केंद्रात काही महिने शिकवत असे. निवृत्तीला आलेल्या एक प्राथमिक शिक्षिका तेथे येत. आम्ही त्यांना बाई म्हणत असू. सराव म्हणून काय टंकू, असे त्यांनी विचारले तेव्हा मी म्हटले, 'बाई, तुमच्या मनातले काहीही.' त्या आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या टंकू लागल्या. रोज चार-पाच. दर दिवशी नवा कागद, आणि जुन्या वळणाप्रमाणे कागदाच्या माथ्यावर 'श्री'. वर्ड ही प्रणाली नव्या कागदाला नाव सुचवताना त्यातली पहिली ओळ घेते. तो 'श्री' फाँटाविना रोमनमधली दोन-तीन निरर्थक अक्षरे होऊन नावाच्या चौकटीत येई. बाई ते नाव तसेच ठेवीत. दुसऱ्या दिवशी यंत्र इंग्रजीत विचारी, की या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? बाईंना वाटे, ठेवू का एवढेच ते विचारते आहे. त्या होकाराचे बटण दाबत.

महिनाअखेर त्यांनी सगळ्या ओव्या छापून मागितल्या तेव्हा शेवटच्या दिवसाच्या पाच तेवढ्या निघाल्या. मी सारे फोल्डर धुंडाळले. बाई म्हणाल्या, 'सर, मी रोज ठेवत होते हो.' त्या खरेच रोज ठेवत होत्या. ठेवणे मी शिकवले होते, नाव देणे शिकवले नव्हते. त्यांच्या पुष्कळशा ओव्या पाठ होत्या, त्यांनी वहीत पुन्हा लिहिल्या. वही मात्र त्यांनी मला कधी टंकायला दिली नाही.

याच ओव्यांचे दुसरे उदाहरण शेजारी ठेवण्यासारखे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रकाशित होऊ लागल्या. हे शक्य झाले कारण प्रत्येक ओवीला गाणारीचे नाव, गाव आणि विषय यांची नोंद जोडलेली होती. वर्गीकरण हे या कामात संकलनाइतकेच मोलाचे ठरले. यंत्र दोन्हीकडे होते, नोंद एकीकडेच होती.

त्या दशकात मराठीत किती आत्मकथने, किती ग्रामइतिहास, किती भाषणे, किती प्रश्नपत्रिका प्रौढांनी स्वतःच्या हाताने प्रथमच टंकल्या असतील! त्यांतील पुष्कळशा १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपींत, मागे पडलेल्या फाँटांत आणि 'न्यू फोल्डर'च्या आत गडप आहेत. मोडीचा कागद वाचायला आज जाणकार मिळतो. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनेही आहेत. पण ज्याला नावच नाही तो कागद कोणी उघडून पाहणार नाही. पेशवे दप्तरातल्या कारकुनाने रुमालावर जी एक ओळ लिहिली, ती त्याच्या वंशजाने लिहिली नाही, कारण त्याच्या लिपीत ती लिहिण्याची सोयच त्याला दिली गेली नव्हती.

आता म्हटले जाते, की फोल्डरचे दिवस गेले. शोधाच्या चौकटीत शब्द घातला की यंत्र कागद हजर करते. अमेरिकी विद्यापीठांतील शिक्षकांचा अनुभव २०२१ मध्ये 'द व्हर्ज'ने प्रसिद्ध केला होता: नव्या विद्यार्थ्यांना फाइल कोणत्या फोल्डरात आहे हा प्रश्नच कळत नाही. आपल्या वर्गातही काही निराळे चित्र नाही. परंतु शोधण्यासाठीही शब्द लागतो, आणि तो कोणीतरी आधी लिहून ठेवलेला असावा लागतो. प्रकल्पाच्या वीस फायलींना 'फायनल', 'फायनल २', 'खरे फायनल' अशी नावे देणारा विद्यार्थी बाईंपेक्षा फार पुढे गेलेला नाही. फरक एवढाच, की त्याला आता देवनागरीत नाव देता येते आणि तो देत नाही.

संगणक शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी माउस धरायला शिकवावे, हे ठीकच. पण दुसऱ्या दिवशी त्याने एक कागद समोर ठेवून विचारावे: दहा वर्षांनी हा तुम्हाला, किंवा तुमच्या पश्चात कोणाला, हवा असेल, तर तो कोणत्या नावाने शोधतील? मग ते नाव मराठीत लिहायला लावावे. मी हे फार उशिरा शिकलो.