तोसाहून क्योतोकडे

इ. स. ९३४ मधली, त्यांच्या पंचांगाप्रमाणे वर्षअखेरीची गोष्ट. कि नो त्सुरायुकी नावाचा जपानी सुभेदार मुदत संपवून तोसा प्रांतातून राजधानीस निघाला. आज ही वाट काही तासांची. त्याच्या कुटुंबकबिल्यास ५५ दिवस लागले. वाऱ्यासाठी होडी बंदरात दिवसेंदिवस खोळंबे, आणि चाच्यांची धास्ती होतीच.

गृहस्थ साधासुधा नव्हे. बादशहाच्या आज्ञेने झालेल्या 'कोकिनशू' या काव्यसंग्रहाच्या चार संपादकांपैकी एक. तरी प्रवासाची रोजनिशी त्याने लिहिली ती बाईच्या मुखाने! पुरुषांनी चिनीत लिहावे अशी रीत. पण घरचे दुःख परभाषेत कसे मावावे? मला तरी या सोंगाचे कारण हेच वाटते. तोसात त्याची लहान मुलगी वारली होती. सारे घरी चालले, ती तेवढी मागे राहिली.

रोजनिशीत जागोजाग ३१ अक्षरांच्या कविता आहेत. विषय काय, तर लाटा, चंद्र, पाइनची झाडे. एका किनाऱ्यावर शिंपले दिसतात. त्यांतल्या एका जातीचे नावच 'विसराचा शिंपला'. कोणाला तो वेचून मूल विसरावेसे वाटते, तर कोणाला ते विसरणेच नको असते.

घरी पोचावे तो घराची पार रया गेलेली. शेजाऱ्यावर भरवसा टाकला त्याचे हे फळ! तळ्याकाठची जुनी झाडे निम्मी गेलेली, त्यांत कोवळी रोपे उगवलेली. मुलगी याच घरात जन्मली होती.

हे लिखाण फाडून टाकावे, असे तो शेवटी म्हणतो. पण १२३५ साली तेइका या कवीच्या हाती मूळ प्रत आली, आणि त्याने ती उतरून घेतली.