शेवट सांगितला म्हणून

करूळ घाटात दरड आली की गगनबावड्याच्या स्टँडवर गाड्या खोळंबतात. मग भुईबावडा घाटानं सोडतात, नाहीतर धुकं निवळेपर्यंत थांबवून ठेवतात. अशाच एका खोळंब्यात माझ्या पिशवीत वाचनालयातून आणलेलं जी. ए. कुलकर्णींचं ‘पिंगळावेळ’ होतं. अनुक्रमणिकेत ‘स्वामी’ या कथेपुढं कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं : ‘शेवटी कोंडतात.’ शेजारी बसलेल्या निवृत्त गुरुजींनी ते वाचलं आणि हळहळले. “गेली की वो गोष्ट! आता काय वाचतायसा?”

हे मत काही गुरुजींचं एकट्याचं नाही. रहस्यकथेचा जीव शेवटच्या धक्क्यात असतो, सत्य जितकं लांबवाल तितकं बरं, आणि ते फुटलं की उरतो तो चोथा, असा हा पूर्वपक्ष. त्याला आधारही आहे. बाबूराव अर्नाळकरांची हजारावर पुस्तकं मराठी माणसानं कशी वाचली? रात्रीत संपवायचं, सकाळी परत करायचं, दुसरं न्यायचं. तिथं गुन्हेगाराचं नाव आधी सांगणारा माणूस वैरीच. एवढं मी मान्य करतो. पण कोड्याचा नियम कथेला लावला की घोटाळा होतो.

‘स्वामी’चंच पाहा. परक्या गावात अडकलेला एक प्रवासी. त्याला एक महंत मठात घेऊन जातो. आदरातिथ्य इतकं की वाचणाऱ्यालाच संकोच वाटावा. हा एवढा पाहुणचार कशासाठी, ही शंका वाक्यागणिक दाट होत जाते. मग जमिनीखालची खोली, बंद झालेलं दार, आणि त्याला कळतं की आपण आता या मठाचे स्वामी आहोत, म्हणजेच जन्मभराचे कैदी. सत्य उघडं पडलं. पण पुढं किती पानं उरली आहेत, ते मोजा! तिथून कथा अंधारात शिरते. सुटकेची धडपड, मग त्या धडपडीचाच बदलत गेलेला अर्थ, आणि अखेरीस उजेडाच्या दिशेनं वर जाणारा तो वेल. पेन्सिलवाल्या वाचकानं ‘शेवटी कोंडतात’ लिहिलं, तीच त्याची चूक. शेवटी नव्हे, मध्येच कोंडतात. गुपित फुटलं तिथंच कथा संपली असं त्यानं मनाशी धरलं आणि पुढचं सगळं त्याच्या आठवणीतून गळालं. या मतानं होणारं नुकसान ते हेच.

आता दुसरी कथा. रवींद्रनाथ ठाकुरांची ‘मणिहारा’, 1898 सालची. सत्यजित राय यांनी 1961च्या ‘तीन कन्या’त ती घेतली आहे. मूळ कथेतही घाट आहे, पण नदीचा. पडक्या वाड्याजवळ नाव लागते. एक शाळामास्तर अनोळखी प्रवाशाला त्या वाड्याच्या मालकाची, फणिभूषण साहाची गोष्ट सांगतो. दागिन्यांवर जीव असलेली बायको मणिमालिका सगळे दागिने अंगावर घालून दूरच्या नात्यातल्या मधुसूदनाबरोबर निघून जाते आणि पुन्हा दिसत नाही. मग रात्री दागिन्यांचा किणकिणाट घाटावरून वर येऊ लागतो. पहिल्या रात्री वाड्याच्या दारापर्यंत, दुसऱ्या रात्री शयनगृहाच्या दारापर्यंत, तिसऱ्या रात्री आत. सत्य पायरी पायरीनं वर चढतं ते असं! आणि गोष्ट संपल्यावर ऐकणारा शांतपणे सांगतो, फणिभूषण साहा माझंच नाव. मास्तर जराही ओशाळत नाही, उलट आपला अंदाज खरा ठरला म्हणतो आणि बायकोचं नाव विचारतो. उत्तर येतं : नृत्यकाली.

पूर्वपक्षवाले म्हणतील, हा तर आमचाच धक्का. पण हा धक्का सत्य देतो की हिरावून घेतो? मणिमालिकेचं काय झालं, मधुसूदनानं काय केलं, हे कथा कुठंच सांगत नाही. ज्याच्यासाठी आपण श्वास रोखला होता, तेच शेवटच्या दोन उत्तरांनी पायाखालून काढून घेतलं. आणि खरी मौज दुसऱ्या वाचनात. समोर कोण बसलाय याचा मास्तरला अंदाज होता हे आता आपल्याला ठाऊक असतं. मग मऊ नवऱ्यांविषयीचं त्याचं लांबलचक तत्त्वज्ञान, पहिल्या खेपेला पाल्हाळ वाटलेलं, थेट ऐकणाऱ्याच्या जखमेवर बोट ठेवतं. शेवट ठाऊक नसलेल्या वाचकाला ही कथा अर्धीच मिळते.

जीए सत्य लवकर देतात आणि त्याच्यासह जगायला लावतात. ठाकूर ते उशिरा देतात आणि देता देता संशयात टाकतात. मला जीएंची रीत अधिक अवघड वाटते, कारण गुपिताचा आधार सुटल्यावरही त्यांना वाचकाला धरून ठेवायचं असतं.

कुणी व्युत्पन्न प्रतिपक्षी नाट्यशास्त्रकार भरताचा दाखला काढेल : निर्वहण संधीत अद्भुत रस असावा. असावाच. पण निर्वहण हा पाचवा संधी, त्याच्या अलीकडं चार आहेत. आणि विस्मय हा अद्भुताचा स्थायीभाव असला तरी औत्सुक्याचीही गणना भरतानं व्यभिचारी भावांत केली आहे. विस्मय ‘काय’ कळल्यानं होतो. औत्सुक्य मात्र ‘काय’ ठाऊक असूनही ‘कसं’वर जगतं. हाच करूळ घाट उतरून वैभववाडीकडं जा. दशावताराच्या आख्यानात राक्षस मरणार हे पोरासोरांना माहीत असतं, तरी माणसं पहाटेपर्यंत उठत नाहीत.

गुरुजींना मी यातलं निम्मंच सांगू शकलो. भुईबावड्याची गाडी लागली, जागा मिळवायची होती. दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ते माझ्याकडं वळले.

“कोंडल्यावर पुढं काय करतो वो तो?”