अनार्का, लूसी, बेट्सी

धाकट्या बहिणीच्या वेळी माझी आई अडली होती. इस्पितळात तिचा अंगठा एका कागदावर उठवून घेतला. कागदात काय लिहिलंय ते कुणी सांगितलं नाही, आईनंही विचारलं नाही. आठवीत शाळा सुटल्यावर मी रात्रपाळी करून वाचनालयात बसू लागलो, आणि तिथं मला ही तीन नावं सापडली. तेव्हा तो अंगठा आठवला.

हकीकत अमेरिकेतली आहे. अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी, साल १८४५ ते १८४९. तिथं काळी माणसं विकली जात होती. आफ्रिकेतून नवे गुलाम आणायला १८०८ पासून कायद्यानं बंदी होती. म्हंजे नवा गुलाम पाहिजे तर तो गुलाम बाईच्या पोटीच जन्मायला पाहिजे. मालकाला तिच्या कुशीची काळजी होती ती ह्यासाठी.

अनार्का सतरा वर्षांची पोर. तीन दिवस अडली. मूल असं अडून राहिलं की त्याचं डोकं आतलं मांस हाडावर दाबून धरतं. तिथं रक्त पोचत नाही, मांस मरतं, मूत्राशयाला भोक पडतं. मग लघवी रात्रंदिवस गळत राहते. वास येतो, कुणी जवळ उभं करत नाही. लांब बसवणं काय असतं, ते आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

जेम्स मॅरियन सिम्स नावाच्या गोऱ्या डॉक्टरनं अशा बायका मालकांकडून मागून घेतल्या. करार मालकाशी झाला. पोसायचं डॉक्टरनं, कपडे आणि कर मालकाचे. घरामागच्या आवारात छोटं इस्पितळ करून तो त्यांना कापत राहिला, शिवत राहिला. पहिली लूसी, ती मरता मरता वाचली. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या, सगळ्या भूल न देता. बोस्टनला १८४६ सालीच ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली होती, तरी ह्या बायकांना ती मिळाली नाही. मदतीचे गोरे डॉक्टर यायचे बंद झाले. मग ह्या बायकाच एकमेकींना धरून ठेवू लागल्या, हत्यारं हातात देऊ लागल्या.

मी गिरणीत तुटका धागा सांधतो, म्हणून पुढचं मला नीट कळलं. रेशमाचे टाके पिकत होते. १८४९ साली चांदीच्या तारेचे टाके घातले आणि अनार्काची जखम भरली. सिम्सनं १८५२ साली ही पद्धत छापली, १८५५ साली न्यूयॉर्कला बायकांचं इस्पितळ काढलं. १८९४ साली त्याचा पुतळा उभा राहिला.

आपल्यातलाच कुणी म्हणेल, शेवटी बरं तर केलं ना? केलं. त्या टाक्यांनी पुढं कितीतरी बायका बऱ्या झाल्या, ते मी नाकारत नाही. बायका राजी होत्या असंही सिम्स लिहून गेला. पण जिला नाही म्हणायची सोय नाही, तिच्या होकाराला काय अर्थ? तिघींचं स्वतःचं एक अक्षर मागे राहिलं नाही. बाकीच्या बायकांची तर नावंसुद्धा राहिली नाहीत.

त्याच काळात, १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई पुण्यात मुलींची शाळा काढत होते. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, आणि काळ्यांच्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. तेव्हा ह्या तिघींशी आपलं नातं आजचं नाही.

२०१८ साली सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातून हलवला. २०२१ साली माँटगोमेरीत मिशेल ब्राउडर ह्या काळ्या कलावंत बाईनं टाकाऊ धातूचे तुकडे जोडून ह्या तिघींचे पुतळे उभे केले.

पुतळे झाले. आता आपलं काम. भावांनो, बहिणींनो, वस्तीतली बाई दवाखान्यात निघाली तर कुणीतरी एकानं तिच्याबरोबर जा. कागद तिला वाचून दाखवा, कशासाठी आहे ते विचारा. अंगठा द्यायचा की नाही ते मग तिचं ती ठरवील. माझ्या आईबरोबर तेव्हा कुणी नव्हतं.

जयभीम.