दुधाचे कॅन, पोलादी तार आणि नववीचा वर्ग

साठ लाख ज्यू, दहा लाख पोलिश नागरिक, दोन लाख जिप्सी. मीरा रोड-भाईंदरच्या सीबीएसई शाळांतली नववीची मुलं वर्षानुवर्षं नाझीवादाच्या धड्यातून मारल्या गेलेल्यांचे हे आकडे पाठ करत आली आहेत. आकड्याला मार्क मिळतात आणि परीक्षेनंतर तो विसरला जातो. म्हणून जगभर एक रीत रुजली : संहारातून वाचलेल्या माणसाला वर्गात बोलवायचं, किंवा त्याचं ध्वनिमुद्रण मुलांना ऐकवायचं. ही कल्पना कुणा शिक्षणतज्ज्ञाची असावी असं वाटतं. तसं नाही. तिचं बीज मरण समोर दिसत असलेल्यांनी पेरलं.

वॉर्साच्या कोंडलेल्या ज्यू वस्तीत इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांनी 1940 मध्ये गुप्त संग्रह उभारला. रोजनिशा, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, मिठाईचे कागदसुद्धा. 1942-43 मध्ये तो पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या दोन कॅनमध्ये भरून पुरला. पेट्या 1946 मध्ये सापडल्या, कॅन 1950 मध्ये. रिंगेलब्लूम यांना 1944 मध्येच गोळ्या घातल्या गेल्या होत्या.

युद्ध संपत आलं तसं पोलंडमधल्या वाचलेल्या ज्यूंनी साक्षी गोळा करायला आयोग नेमला आणि 1945 मध्ये मुलांसाठी वेगळी प्रश्नावली केली. मोठ्यांचे प्रश्न मुलांना चालत नाहीत, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आजच्या वर्गातल्या रीतीची मुळं मला तरी इथे दिसतात. पुढच्याच वर्षी शिकागोचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बोडर आपल्याच संस्थेत तयार झालेलं, पोलादी तारेवर आवाज टिपणारं यंत्र घेऊन युरोपात गेले आणि निर्वासित छावण्यांतून सव्वाशेच्या वर मुलाखती घेऊन आले. त्या कुणी फारशा ऐकल्या नाहीत. ऐकायला लावलं ते नाझी अधिकारी आइकमनवरच्या 1961 च्या खटल्याने : जेरुसलेमच्या कोर्टात शंभरावर साक्षीदार उभे राहिले आणि रेडिओवरून घराघरांत पोचले. 1994 मध्ये चित्रपट-दिग्दर्शक स्पीलबर्गने काढलेल्या संस्थेकडे आज पन्नास हजारांहून जास्त चित्रित साक्षी आहेत. आता तर पडद्यावरच्या माणसाला मुलं प्रश्न विचारतात आणि आधी टिपून ठेवलेल्या उत्तरांतून तो बोलतो. यंत्र भारी आहे. पण मुलांना नेमकं काय विचारायचं ते शिकवावं लागतंच.

आपल्याकडे या कथेचं एक पान कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आहे. स्टालिनने सायबेरिया-कझाकस्तानात हाकलून दिलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसं 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. ती हद्दपारी नरसंहाराच्या व्याख्येत बसते का, हा वाद निराळा. त्या मुलांनी मोठेपणी संघटना काढली, आठवणींचं जाडजूड पुस्तक केलं आणि 2019 मध्ये त्यांच्यातले काही जण कोल्हापूरला येऊनही गेले. पोलिश गेल्यावर त्याच जागी फाळणीतून निसटलेली सिंधी कुटुंबं वसवली गेली. आज लोक तिथे कापडखरेदीला जातात; गांधीनगर ते हेच. एकाच जागेवर दोन वेगळ्या संकटांतून वाचलेली माणसं, आणि शाळेच्या सहलीत मात्र हे कुणी सांगत नाही.

फाळणीवरचा एक धडा बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकात होता, थेट लोकांच्या तोंडच्या आठवणींवर रचलेला. 2022 मध्ये अभ्यासक्रम हलका करताना तोच वगळला. त्याच्या आदल्याच वर्षी 14 ऑगस्ट हा फाळणीच्या वेदनांचा स्मृतिदिन म्हणून जाहीर झाला होता. दिवस पाळायचा आणि साक्ष गाळायची, हे काही पटत नाही.

मीरा-भाईंदर तर बाहेरून आलेल्यांचंच शहर. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतली वस्ती सोडून मीरा रोडला आलेली कुटुंबं इथे आहेत. दंगलीला नरसंहार म्हणू नये, शब्द तोलूनच वापरावा. पण विचारायची रीत तीच. शिक्षकांनो, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायला मुलांना बारीक प्रश्न द्या : निघताना हातात काय होतं, पहिली रात्र कुठे काढली, मदत कुणी केली. रडवायला जाऊ नका. आजी नको म्हणाल्या तर वही मिटा. पण सुरुवात याच वर्षी करा. फाळणीच्या वेळी सहा वर्षांचं असलेलं मूल आज ऐंशीच्या पुढे गेलं आहे.